मी दाखवलेली जागा

आमच्या दफनभूमीतले सगळे दगड मी उपटायला लावले. सरकारनं नाही, गावातल्या कुणा वाईट माणसानं नाही. मी. आणि तेही कायदा वाचून.

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मिरजगावच्या बाजारात भाजी घेत असलो, तरी मागून कुणीतरी विचारतं, "काय मास्तर, यंदा काय उपटायचं?" मी हसतो. खरं तर तो किस्सा सगळ्यात जास्त वेळा मीच सांगितलाय. लग्नाच्या मांडवात सांगितलाय, एस.टी.च्या थांब्यावर सांगितलाय, एकदा तर दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगायचा प्रयत्न केलाय. लोक हसतात, मीही हसतो, आणि किस्सा जिथं पुढे सरकायला हवा, नेमक्या तिथं मी चहा मागवतो.

त्या चहाच्या पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा त्या जागी आलो की मी जरा पुटपुटल्यासारखं करून पुढे जातो. वरच्याला कळत असेलच म्हणा, पण माझ्या तोंडून नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच कारण मला दिसतंय. फार शूरपणाचं कारण नाही ते.

आधी किस्साच सांगतो. तो सवयीचा आहे.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या आतल्या अंगाला. गावात आमची ख्रिस्ती वस्ती आहे, थोडीच घरं, पण पणज्यापासूनची. पत्र्याचं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), देवळासमोर चिंच, आणि गावाबाहेर गायरानाच्या एका कोपऱ्यात आमची माणसं पुरलेली. गायरान म्हणजे गुरं चरायला राखून ठेवलेली सरकारी जमीन. तिथं पुरायची परवानगी कुणी दिली होती? कुणाला माहीत नाही. हरकत कुणी घेतली होती? तेही नाही. गावची गुरं एका अंगाला चरायची, आमची माणसं दुसऱ्या अंगाला निजलेली असायची. सातबाऱ्यावर मात्र सगळं मिळून नुसतं गायरान.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. निवृत्तीनंतर माणसाला हाताला काहीतरी लागतं. कुणी डाळिंब लावतं, कुणी ग्रामपंचायतीला उभं राहतं. मी कायदा वाचायला लागलो. कायदा म्हणजे वर्तमानपत्रात येतो तेवढाच. वस्तीत कुणाला नोटीस आली की ती माझ्याकडे यायची. मी चष्मा लावायचो, कागद लांब धरायचो, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणायचो, "हं." त्या हुंकाराला आमच्या वस्तीत फार वजन होतं. तो ऐकून माणसं निम्मी निश्चिंत होऊन घरी जायची. मला स्वतःला पुष्कळदा काहीच कळलेलं नसायचं — पण हुंकार खोटा असतो का? मला वाटायचं, नसतो.

तर एक दिवस बातमी आली की सरकारी जमिनींच्या कायद्यात दुरुस्ती झाली. आजवर जे अधिकार नगरला कलेक्टरांकडे होते, त्यातले काही आता थेट तहसीलदारांकडे आले. (नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं हे मला ठाऊक आहे. पण बातमी वाचताना माझ्या डोक्यात कलेक्टर नगरलाच बसतात.) सरकारी जमिनीवर काही बांधलेलं, उभारलेलं दिसलं, तर ते हटवायला वरच्या मंजुरीची वाट बघायची गरज नाही. तहसीलदार किंवा त्यांचा माणूस जागेवर येणार, बघणार आणि ठरवणार. खाली बारीक अक्षरात होतं — उरलेला मजकूर पान पाचवर.

पान पाचवर आमच्या हिनं कुरडया वाळत घातल्या होत्या.

गच्चीवर जाऊन, दोन कुरडया बाजूला सारून वाचता आलं असतं. गेलो नाही. ऊन होतं. आणि मला कळलंय असं वाटत होतं. गायरानावरची अतिक्रमणं काढणार अशी हवा तेव्हा सगळीकडे होतीच. दोन आणि दोन मी जागच्या जागी मिळवले, आणि रविवारी उपासना संपल्यावर चिंचेखाली उभा राहिलो.

काय बोललो मी त्या दिवशी! अजून आठवलं की कानशिलं गरम होतात. म्हणालो, "मंडळी, आता सत्ता खाली आलीय. आधी कलेक्टर बसायचे लांब, त्यांना आपला कोपरा दिसायचा नाही. आता तहसीलदार स्वतः येणार. दगड दिसला, क्रूस दिसला, कठडा दिसला, की ते झालं बांधकाम. जेसीबी लागला तर आपल्या माणसांची हाडं वर येतील. त्यापेक्षा वरचं आपणच काढून ठेवू. कायदा वरचं बघतो, खालचं नाही. खाली आपली माणसं आहेत तिथं आहेत."

कुणाला विरोधात काही सुचेना, कारण मी मध्ये दोनदा 'कलम' हा शब्द वापरला होता.

बोलली फक्त राहेलकाकू. ही माझी सख्खी चुलती. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ दावीदकाका, त्यांची बायको. काका जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. मुलगा अनिल भिंगारला नोकरीला, सून-नातवंडं तिकडेच, आणि काकू इथं एकटी, कुणाचं न ऐकणारी. तिनं विचारलं, "आन मंग वळखायचं कसं रं वसंता, कोन कुटं हाय ते?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मी जागेवर शोधलं, आणि ते मला इतकं आवडलं की त्यानंतर मला कुणी थांबवू शकलं नसतं. म्हणालो, प्रत्येक घरानं आपापल्या माणसाच्या जागेवर वेगळं बी टाकायचं. कुणी मटकी, कुणी तूर, कुणी अंबाडी, कुणी तीळ. साहेबाला वाटेल आपोआप उगवलंय. आपल्याला मात्र बरोब्बर कळणार, मटकी आहे म्हणजे साळव्यांची आई, तूर आहे म्हणजे शिंद्यांचा थोरला. शाळेच्या बागेत मी मुलांकडून असेच वाफे करून घ्यायचो.

"आमी शेपू टाकतो," काकू म्हणाली. "ह्यांना शेपू लई आवडायचा."

आठवडाभरात सगळं उरकलं. दगड आणि क्रूस ट्रॉलीत भरून माझ्या परसात आणून रचले. बहुतेक दगड साधे, रानातलेच, चुना फासलेले. नाव असलेले थोडेच. काकांचा दगड काळा आणि चपटा. हयातीत ते त्यावर बसून अंघोळ करायचे; काकूनं तोच नेऊन त्यांच्या उशाला लावला होता. दगड निघाल्यावर मातीचे उंचवटे राहिले, तर तेही डोळ्यांवर येतील म्हणून ट्रॅक्टरला फळी लावून जमीन सपाट करून घेतली. ती फळीही मीच सुचवली. मग बी टाकलं. पाऊस झाल्यावर ते उगवलंही, आणि खोटं कशाला सांगू, दिसायला फार सुंदर दिसलं.

मग शेळ्या आल्या.

गायरानात उगवलेलं कुणाचं असतं, हे इतकी वर्षं भूगोल शिकवून मला सुचलं नव्हतं. गावातल्या शेळ्यांनी साळव्यांची आई, शिंद्यांचा थोरला आणि आमचे दावीदकाका असं भेदभाव न करता एकाच सकाळी साफ केलं. शेपू तर म्हणे त्यांनी आधी खाल्ला.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी नायब तहसीलदार आल्या. तरुण बाई, उन्हाची टोपी, पायात बूट. बरोबर तलाठी. (तलाठ्याचंही आता नाव बदललंय, ग्राम महसूल अधिकारी. पण नाव बदललं तरी तो मोटारसायकल देवळाच्या सावलीतच लावतो.) बाईंनी त्या सपाट जमिनीकडे बघितलं, मग हातातल्या नकाशाकडे, मग आमच्याकडे. "तुमची दफनभूमी कुठंय?"

वस्तीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पुढे झालो. मॅडमना नमस्कार घातला, आणि आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा आवाज काढून म्हणालो, "मॅडम, इथं काहीही नाही. तुम्ही कुठंही बघा. एक दगडसुद्धा सापडायचा नाही."

"अहो, पण का?" त्या म्हणाल्या. "असती तर आज नोंद घेतली असती."

पान पाच. पान पाचवर तेच होतं. अधिकार खाली आला होता तो हटवायचा, तसाच नोंद घ्यायचाही. सरकारी जमिनीवर पूर्वीपासून लोकांच्या वापरात असलेली दफनभूमी असेल, तर तहसीलदारांच्या माणसानं जागेवर येऊन, डोळ्यांनी बघून, पंचनामा करून ती जागा कायमची त्याच कामासाठी लिहून द्यायची. आमच्या पणज्यापासून जे कुणाला जमलं नव्हतं, ते त्या दिवशी अर्ध्या तासात झालं असतं. अट एकच, तिथं काहीतरी दिसायला हवं होतं.

बाई भल्या होत्या. तलाठ्याकडे बघून म्हणाल्या, "आठवड्यानं परत येते. त्या वेळी काय दिसेल ते लिहीन." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही वकील आहात का?"

"नाही, भूगोल," मी म्हणालो.

इथं मी चहा मागवतो. लोक हसत असतात. कुणीतरी म्हणतंच, "मग लावले का दगड परत?" मी म्हणतो, लावले की, आणि नोंदही झाली. तेही खरं आहे. मग चहा येतो.

आता चहा नाही.

दगड परत लावले ते कसे? ते तसे लागले, कारण मी सांगत गेलो. पुढच्या ओळी सोप्या होत्या. बांधाच्या कडेच्या, तिथं दोन-चार ठिकाणी पाया राहिला होता, माणसांना आठवतही होतं. पण मागचा भाग, बाभळीकडचा, तो ट्रॅक्टरनं पार एकसारखा केला होता. तिथं आलं की जो तो माझ्या तोंडाकडे बघायचा. "मास्तर, तुमीच सांगा." कारण दगड काढताना मीच म्हणालो होतो की घाबरू नका, सगळं माझ्या डोक्यात आहे. भूगोलाचं डोकं आहे, जागा विसरत नाही.

माझ्या डोक्यात काय होतं? काही नव्हतं. एक हिरवागार तुकडा होता, शेळ्यांनी खाण्याआधीचा. तोही कुठून कुठे, ते नीट नाही. मी बोट दाखवत गेलो. "हां, हे इथं. हे जरा अलीकडं घ्या." गंमत म्हणजे — ह्याला गंमत म्हणतात का? — तिसऱ्या-चौथ्या दगडानंतर मलाच वाटायला लागलं की मला आठवतंय. लोकांच्या चेहऱ्यावर असा सुटकेचा भाव यायचा की पुढचं बोट आपोआप उठायचं. त्यातलं एखादं बरोबर असेलही. कुठलं, ते मला विचारू नका.

त्या कामाचा अधिकार मला कुणी दिला होता? नायब तहसीलदार बाईंना तरी विधानसभेनं दिला होता, आणि त्या म्हणत होत्या की दिसेल तेच लिहीन. मी न दिसलेलं लिहीत होतो.

आणि मग काकू आली. काळा दगड तिनं कुणाला उचलू दिला नाही. पोत्यावर ठेवून, पोतं ओढत स्वतः घेऊन आली. दम लागला होता. माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "कुटं रं?"

इथं मला एक मागचं सांगितलं पाहिजे. ते सांगायचं टाळण्यासाठीच बहुतेक मी एवढा वेळ कुरडया आणि शेळ्या करत बसलो.

दावीदकाकांच्या मातीला मी नव्हतो.

गावाला वाटतं, होतो. काका गेले त्या दिवशी शिक्षकांच्या पतसंस्थेची निवडणूक होती नगरला. निरोप सकाळीच आला होता. मी स्वतःशी म्हणालो, मतदान करून निघतो, माती दुपारनंतरच होईल. मतदान करून निघालो नाही. आमच्या पॅनेलचं जेवण होतं, जेवलो. गुलाबजाम होते. कशाला लपवू, दोनदा घेतले. गावात पोचलो तेव्हा माणसं दफनभूमीतून परत फिरत होती. मी मोटारसायकल शाळेमागे लावली, घोळक्यात मागून शिरलो, आणि देवळाच्या नळावर सगळे हात धूत होते तिथं मीही हात धुतले. हाताला माती नव्हती. तरी धुतले, नखं घासून धुतले. काकूनं मला तिथं पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ज्या माणसानं मला पहिलीत खांद्यावर बसवून शाळेत नेलं, पोरगं शिकलं पाहिजे म्हणून माझ्या बापाशी भांडण केलं, त्याच्या खड्ड्यात मी मूठभर माती टाकली नाही. आणि टाकली का, असं कुणी कधी विचारलंच नाही, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

पुढं वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, सगळ्यांबरोबर पहाटे तिकडे जायचो, तेव्हा काकांच्या दगडाशी मी फार वेळ थांबायचो नाही. तिथं उभं राहवायचं नाही. लांबूनच डोकं झुकवायचं आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागायचं. म्हणून ती जागा मला ठाऊक नव्हती. बाभळीकडे, एवढंच.

तर काकू म्हणाली, "कुटं रं?"

मला नाही माहीत, एवढं म्हणायचं होतं. लहान वाक्य आहे. पाचवीतलं पोरगंही म्हणतं. मी त्यांना बाकावर उभं करायचो त्यासाठी. पण भोवती वस्ती उभी होती. मला नाही माहीत म्हणालो असतो, तर आधी लावलेल्या सगळ्या दगडांकडे माणसांनी वळून बघितलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी बाई येणार होत्या. की हे सगळं मी नंतर जोडलंय? त्या क्षणी ह्यातलं काही माझ्या मनात आलं होतं का? मला आठवतं ते एवढंच की ती दमली होती, आणि मला तो दगड लवकर खाली ठेवला जायला हवा होता.

मी बोट दाखवलं. "इथं."

तिनं खाली बघितलं. लेंड्या पडल्या होत्या, माती भुसभुशीत होती. "नक्की?"

"नक्की काकू. मीच नव्हतो का माती द्यायला?"

हे बोललो मी. कुणी विचारलं नव्हतं. आधीचं खोटं एवढी वर्षं नुसतं गप्प बसून चाललं होतं. त्या दिवशी ते मी तोंडानं बोललो, तेही दुसऱ्या खोट्याला टेकू म्हणून.

तिनं मान हलवली. दगड बसवला, पदरानं पुसला, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या लोकांत. मी पन्नाशी कधीच ओलांडली होती.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. फिरल्या, फोटो काढले, पंच म्हणून माझी सही घेतली. खरंच घेतली. पुढे नोंद झाली. आता तो कोपरा कुणाला हलवता येणार नाही. वस्तीनं मला शाल दिली. पाळकसाहेब म्हणाले, मास्तर चुकले, पण मास्तरांनीच सावरलं. टाळ्या वाजल्या. मला अजून कळत नाही त्या टाळ्यांचं काय करायचं. आमची दफनभूमी आज कायद्यानं आमची आहे, आणि ती आमची झाली ती तिथल्या खोट्या दगडांमुळे. दगड नसते तर काहीच मिळालं नसतं. म्हणजे मी चांगलं केलं? मग काकूच्या घरावरून जाताना मी पलीकडच्या बाजूनं का जातो?

कारण ती दर रविवारी तिथं जाते. उपासना झाली की घरी न जाता सरळ तिकडे. दगडाशेजारी बसते, पदरानं तो पुसते, अनिलचं काय चाललंय ते सांगते. आणि तिनं ठरवून ठेवलंय — सगळ्यांना सांगितलंय — की मला ह्यांच्या उजव्या अंगाला ठेवायचं. तेवढी जागा तिनं चार खुंट्या मारून धरून ठेवलीय. दुसऱ्या कुणाच्या मातीच्या वेळी माणसं तिकडे खणायला गेली, तर तिनं भांडून त्यांना मागे सरकवलं. सरकून, बाभळीच्या आणखी जवळ खणलं, तर कुदळ एका जुन्या शवपेटीच्या फळीला लागली. माणसं दचकली. कुणीतरी म्हणालं, जुनं कुणीतरी असेल, बुजवा. बुजवलं. दुसरीकडे खणलं.

ते कोण होतं? फळीचा रंग मी बघितला, आणि दुसरीकडे बघायला लागलो. काकांच्या पेटीची फळी कसली होती, हेही मला माहीत नाही. मी गुलाबजाम खात होतो.

या हिवाळ्यात काकू आजारी पडली. छातीत कफ, पायाला सूज. अनिल भिंगारहून आला, दवाखाना करून तिला घरी आणून सोडलं आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, आई म्हणते, वेळ आली तर जागा वसंतानंच दाखवायची. दुसऱ्या कुणाला विचारू नका म्हणते."

मी मान हलवली. माझी मान फार चांगली हलते.

मग मात्र झोप लागेना. सांगितलं तर काय होणार? तिला कळणार की ती इतके रविवार कुणा भलत्याच्या उशाशी बसून बोलली. नाहीतर कुणाच्याच नाही, नुसत्या मातीशी. खरी जागा तर मी सांगू शकतच नाही. म्हणजे काढून घेणार आणि बदल्यात काही देणार नाही. आणि नाही सांगितलं, तर ती परक्याच्या शेजारी जाणार, आणि तो खड्डा मी स्वतः दाखवणार. ह्यातलं तिच्यासाठी कुठलं आणि माझ्यासाठी कुठलं, हे मी पुष्कळ वेळा वेगळं करून बघितलं. दर वेळी गुंता तसाच. एवढं मात्र कळतंय की तिला सांगायचं, तर ती आहे तोवरच.

म्हणून परवा गेलो. ती अंगणात उन्हाला बाज टाकून बसली होती, गोधडी गुडघ्यापर्यंत. मी समोर पाटावर बसलो. सुरुवात कुठून केली असेन? सरकारी जमिनीच्या कायद्यापासून. म्हणालो, अधिकार आता पुन्हा कसे बदलणार असं वाचलंय. मग पंचनामा म्हणजे काय ते सांगितलं. मग म्हणालो, "काकू, तो दगड जो आहे ना — म्हणजे त्या वेळी — म्हणजे तसं बघायला गेलं तर —" आणि थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबलो. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

शेवटी तीच बोलली. त्यावर मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही आशेवर राहणार नाही. मी सरकलो. पाट उचलला, भिंतीकडे सरकलो, आणि थोड्या वेळानं घरी आलो. सांगितलेलं नाही. आज, हे लिहीपर्यंत, नाही.

ती म्हणाली, "खोटं बोलताना तुजी जीभ कशी सरळ चालती वसंता, मी काय आज बघते व्हय? आन आज आशी अडकायलीय, म्हंजी काय तरी खरं आनलंयस. बोलायचं आसंल तर बोल, न्हाईतर बाजूला सरक — माजं ऊन अडवून बसलायस."